कमाईची पहिली वही

१९४५ साली वॉशिंग्टनमध्ये वॉरन बफे नावाच्या शाळकरी मुलाने मित्रासोबत २५ डॉलरला जुने पिनबॉल यंत्र घेतले, सलूनमध्ये मांडले आणि मिळकतीत दुकानदाराचा वाटा ठेवला. नफ्यातून पुढची यंत्रे आली. त्याआधीच, १९४४ मध्ये, पेपर टाकून कमावणाऱ्या या मुलाने प्राप्तिकर विवरणपत्रात सायकलचा खर्चसुद्धा दाखवला होता! दिवाळीत आकाशकंदील विकणाऱ्या आपल्या नववी-दहावीच्या मुलांनीही असाच हिशेब वहीत मांडावा. कागद, कामट्या, खळ, रिक्षाभाडे, स्वतःची मेहनत धरून दीडशेच्या कंदिलामागे सुटले किती? उधारी कुणाकडे राहिली? उरलेला माल कुठे खपवायचा? पालकांनी भांडवल जरूर द्यावे, पण उसने आणि परतफेडीची तारीख ठरवूनच.