विश्लेषण : ऐन गेममध्ये संगणक रीस्टार्ट का होतो? आधी निदान, मगच खर्च

दिवसभर अभ्यास, सिनेमा, इंटरनेट सगळे सुरळीत चालते. गेम सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटे झाली, की पडदा काळा होतो आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दुरुस्तीला नेल्यावर ठरलेली दोन औषधे मिळतात : ‘फॉरमॅट मारू’ किंवा ‘ग्राफिक्स कार्ड बदलू’. पहिल्यात डेटा जातो, दुसऱ्यात घरच्यांचा पैसा. दोष मात्र अनेकदा तिसरीकडेच असतो.

गेमच्या वेळीच असे का होते?

साध्या कामात ग्राफिक्स कार्ड फारच थोडी वीज घेते. गेममध्ये हा भार शेकडो वॉटवर जातो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०८० ची अधिकृत गरज ३२० वॉट, तर आरटीएक्स ४०९० ची ४५० वॉट आहे. शिवाय दृश्य बदलताना काही मिलिसेकंदांपुरते कार्ड याहून बरीच जास्त वीज ओढते. ही उसळी पॉवर सप्लायला झेपली नाही, तर त्यातील संरक्षक यंत्रणा वीज तोडते किंवा व्होल्टेज क्षणभर घसरून संगणक रीसेट होतो. या उसळ्यांची दखल घेऊनच इंटेलने २०२२ मध्ये पॉवर सप्लायसाठी एटीएक्स ३.० हे नवे मानक आणले.

तपास कुठून सुरू करावा?

विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’पासून. त्यात ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसते. तिचा अर्थ इतकाच, की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. ती नोंद म्हणजे पॉवर सप्लाय बिघडल्याचा पुरावा नव्हे. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर संशय वीजपुरवठा किंवा हार्डवेअरकडे वळतो. शून्याखेरीज आकडा असेल, तर विंडोजच कोसळली आहे. अशा वेळी ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधील आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढावी, म्हणजे निळ्या पडद्यावरील संदेश वाचता येतो. ‘डब्ल्यूएचईए’ नावाच्या नोंदी दिसल्या, तर प्रोसेसर, मेमरी किंवा मदरबोर्ड तपासावा.

पैसे न घालता कोणत्या चाचण्या होतात?

कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून ७०-८० टक्क्यांवर आणावी. रीस्टार्ट थांबले, तर पॉवर सप्लायवरचा संशय बळावतो. कार्डाला दोन वीजजोडण्या असतील, तर एकाच वायरची दोन टोके न लावता दोन स्वतंत्र वायरी लावाव्यात. मेमरीचा वाढीव वेग, म्हणजे ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’, बायोसमधून बंद करून पाहावा. तापमानावर नजर ठेवावी. मात्र प्रोसेसर तापला, की तो आधी वेग कमी करतो आणि तरीही ताप वाढला, तर संगणक सहसा पूर्ण बंद पडतो. एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर गुण कशाने आला हे कळत नाही. पॉवर सप्लाय मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठलेली असते.

यूपीएसचा संबंध काय?

आपल्याकडे अनेक घरांत ६०० व्हीएचा यूपीएस असतो. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. असे अनेक यूपीएस ३६० वॉटच्या आसपासच भार पेलतात. गेम सुरू असताना वीज क्षणभर गेली, तरी तो हात टेकतो. चाचणीपुरता संगणक यूपीएस वगळून, अर्थिंग नीट असलेल्या प्लगवर चालवावा.

मग दोष नेहमी पॉवर सप्लायचाच?

नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, बायोसद्वारे दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली हानी मात्र त्या दुरुस्तीने भरून निघत नाही. असा प्रोसेसर असलेल्यांनी नवा भाग विकत घेण्याआधी बायोस अद्ययावत करावे आणि वॉरंटी तपासावी.

ग्राहकाने काय मागावे?

खरी मेख खरेदीच्या वेळीच असते. जाहिरातीत ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठळक अक्षरांत असतात; पॉवर सप्लायपुढे नुसते ‘६५० वॉट’ लिहिलेले असते. बजेट बसवताना कात्री तिथेच लागते. ‘८० प्लस’ हा शिक्का विजेच्या कार्यक्षमतेबद्दल सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. म्हणून बिलावर पॉवर सप्लायची कंपनी, मॉडेल आणि वॉरंटी लिहून घ्यावी. दुरुस्ती करणाऱ्यालाही एकच प्रश्न विचारावा : हाच भाग बिघडला, हे कोणत्या चाचणीवरून ठरवले? उत्तर मिळेपर्यंत पाकीट बंद ठेवणेच शहाणपणाचे.