मोत्याचा विमा

लखनौच्या गोमतीनगरात राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, घरी दोन वर्षांचा लॅब्राडॉर कुत्रा आहे. त्याचा विमा उतरवावा काय, आणि उतरवावयाचा झाल्यास काय पाहून? यजमान निवृत्त झाले असून सारा खर्च निवृत्तिवेतनातून भागवावा लागतो, असेही त्या लिहितात. प्रश्न वरवर चैनीचा वाटेल. पण ज्या घरातील कुत्रा एकदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला आहे, त्या घरास तो तसा वाटणार नाही.

कुत्र्याच्या विम्याची कल्पना नवी नव्हे. स्वीडनमध्ये १९२४ सालीच असा विमा निघाला होता. आपल्याकडे मात्र तो गाईम्हशींच्या विम्याच्या पावलावर पाऊल ठेवून आला, आणि ही गोष्ट विमापत्र वाचताना विसरून चालत नाही. जनावर दगावल्यास त्याच्या बाजारभावाच्या हिशेबाने भरपाई द्यावयाची, हे गुरांच्या विम्याचे सूत्र. शेतकऱ्यास ते योग्यच आहे. एक म्हैस गेली तर दुसरी घेता आली पाहिजे. जुन्या धर्तीच्या श्वानविम्याचा गाभाही हाच असतो. परंतु घरचा मोत्या गेल्यावर त्याच्या किमतीचा धनादेश हाती येऊन कोणाचे समाधान व्हावयाचे? आपणांस पैसा हवा असतो तो त्याला वाचविण्यासाठी. २०२० मध्ये बजाज अलायन्झ या कंपनीने शस्त्रक्रिया व रुग्णालयातील उपचार यांचा खर्च देणारे विमापत्र आणले. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: हे विमापत्र मृत्यूबद्दल पैसे देते की उपचाराबद्दल?

दुसरा भाग तिऱ्हाइताच्या नुकसानीचा. भातखंडे यांनी १९२६ साली ज्या लखनौ शहरात संगीत महाविद्यालय उभे केले, त्याच शहरातील कैसरबाग भागात जुलै २०२२ मध्ये घरच्याच पिटबुल कुत्र्याच्या हल्ल्यात एका वृद्ध स्त्रीचा मृत्यू झाला. त्या दुःखद घटनेनंतर अनेकांना विम्याची आठवण झाली. पण येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तिऱ्हाईत म्हणजे घराबाहेरचा मनुष्य. शेजाऱ्यास किंवा टपालवाल्यास कुत्रा चावला तर ही तरतूद उपयोगी पडेल; घरच्या आजीबाईंना चावला तर सामान्यतः नाही. शिवाय पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. तो दंड कोणतीही विमा कंपनी भरत नाही.

आता बारीक अक्षरांकडे वळू. विमा उतरविण्यापूर्वीचा आजार, तसेच विमा घेतल्यानंतरच्या ठरावीक प्रतीक्षाकाळात उद्भवलेला आजार, यांचा खर्च मिळत नाही. डिस्टेंपर, पार्व्हो यांसारख्या लसीने टळणाऱ्या रोगांबाबत लसीकरणाचे पुस्तक अद्ययावत नसेल तर मागणी फेटाळली जाते. लखनौ महानगरपालिकेच्या वार्षिक परवान्यासाठीही रेबीजच्या लसीचा दाखला लागतो, तेव्हा हे काम एका खेपेत उरकते. लॅब्राडॉर जातीत खुब्याच्या सांध्याचा जन्मजात दोष पुष्कळदा आढळतो. तो वगळला आहे किंवा कसे, हे लेखी विचारावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनास काडीचीही किंमत नाही. गुरांच्या विम्यात कानातील बिल्ला हरवला की भरपाई बुडते, हे खेड्यातील वाचक जाणतातच. कुत्र्याच्या बाबतीत तांदळाच्या दाण्याएवढी, पंधरा अंकी क्रमांकाची चिप खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवितात. ती बसवून घ्यावी. हाच कुत्रा विमा उतरविलेला, हे सिद्ध करण्याचा तो पक्का पुरावा होय.

हप्ता परवडतो का, हे कागदावर मांडून पाहावे. समजा, वार्षिक हप्ता पाच हजार, शस्त्रक्रियेची मर्यादा तीस हजार आणि मंजूर रकमेतील दहा टक्के वाटा आपला. खर्च चाळीस हजार झाला तर कंपनी सत्तावीस हजार देईल, तेरा हजार आपण भरावयाचे. उलट, टपाल खात्यातील पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा चारशे रुपये टाकले, तर चोवीस हजार आणि वर व्याज जमेल, आणि ते आपलेच राहतील. मात्र कुत्रा पहिल्याच वर्षी मोटारीखाली सापडला तर ठेवीत चार-पाच हजारांहून अधिक नसतील. या भगिनींचा कुत्रा तरुण आहे आणि हाताशी मोठी शिल्लक नाही. तेव्हा आमच्या मते त्यांनी उपचार व तिऱ्हाईत एवढ्या दोनच गोष्टींचा विमा घ्यावा. चोरीची व प्रदर्शनांची कलमे सोडून द्यावीत. वय वाढल्यावर नवा विमा मिळणे अवघड होते. म्हणून कोणत्या वयापर्यंत नूतनीकरण होते, हे आजच विचारून ठेवावे.

मागणी अन्यायाने नाकारली गेली तर प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यास शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. फक्त वर्षाच्या आत जावे लागते. लखनौचे लोकपाल कार्यालय हजरतगंजात नवल किशोर मार्गावर आहे. महाराष्ट्रातील वाचकांसाठी मुंबई व पुणे येथे आहे. सोबत विमापत्र, लसीचे पुस्तक, चिपचा क्रमांक आणि पशुवैद्याची मूळ बिले न्यावीत.