दोनच सर्व्हर आणि एकच पोरगा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. ज्या खोलीत माणूस दहा मिनिटं बसू शकत नाही, त्या खोलीत आपल्याकडच्या संस्था सर्व्हर ठेवतात. एसी असतो, पण तो अध्यक्षांच्या केबिनमध्ये.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या अशाच एका शिक्षणसंस्थेतून मला फोन आला. सर्व्हरची डिस्क गेली होती आणि प्रवेशाचे दिवस तोंडावर आले होते. नव्या मशीनला लगेच मंजुरी मिळाली, दोन दिवसांत ते आलंही. डेटाचा बॅकअप होता, म्हणून सगळे निवांत होते. मी धुळ्याहून पारोळा-एरंडोल करत पोहोचलो, चहा झाला आणि लेखनिक म्हणाले, “डेटा आहे, मशीन आहे. तासाभराचं काम.”

अकरा दिवस लागले.

डेटा होता, पण जुनं मशीन कसं लावलं होतं याची कुठे एक ओळ नव्हती. पीएचपीची आवृत्ती कुठली, फायरवॉलमधून कुठले पोर्ट उघडे, रात्री दोन वाजता क्रॉनमधून काय चालायचं, फीची पावती छापणारा प्रिंटर कुठल्या नावाने जोडलेला, यातलं काहीच कुणाला सांगता येईना. डेटाबेस चढवला तर विद्यार्थ्यांची मराठी आणि उर्दू नावं गायब झाली आणि त्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा आल्या, कारण जुन्या मशीनवर कुणीतरी कॅरेक्टर सेट बदलून ठेवला होता आणि नव्यावर तो तसा नव्हता. शेख असो, पाटील असो की तडवी, सगळे प्रश्नचिन्ह. निदान तिथे तरी भेदभाव झाला नाही.

हे सगळं ज्या पोरानं लावलं होतं तो पुण्याला नोकरीला गेला होता. भला पोरगा. रात्री दहानंतर का होईना, फोन उचलायचा. “भाई, तेव्हा मी एका फाइलमध्ये काहीतरी बदललं होतं.” कुठल्या फाइलमध्ये? “आता आठवत नाही.”

मी त्याला दोष देणार नाही. माझं भांडण एका वाक्याशी आहे, आणि ते मी जळगावात, धुळ्यात, शिरपुरात इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ऐकलं की कान तापतात: “दोनच तर सर्व्हर आहेत, त्याला कशाला हवं ते पपेट न् अ‍ॅन्सिबल? ते मोठ्या कंपन्यांचं काम.”

हे वाक्य उलटं आहे. मोठ्या कंपनीत वीस माणसं असतात. एकाला आठवलं नाही तर दुसऱ्याला आठवतं. तुमच्याकडे एकच पोरगा आहे, पगार बारा-पंधरा हजार, आणि तो पुण्याला जाणार हे त्याच्या आईला, मोहल्ल्याला आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मग लिहून ठेवण्याची गरज जास्त कुणाला?

हे सॉफ्टवेअर करतं काय, ते आधी सांगतो, कारण नाकारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते उघडून पाहिलेलंच नाही. मशीनवर काय काय असायला हवं ते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं: हे पॅकेज असावं, ही सेवा चालू असावी, या फाइलमध्ये हा मजकूर असावा, हा वापरकर्ता असावा. सॉफ्टवेअर मशीनकडे पाहतं. जे आहे त्याला हात लावत नाही, जे नाही ते करतं. ‘शेफ’ नावाच्या अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये या फाइलींना रेसिपीच म्हणतात. पण पाककृती आणि यात एक मोठा फरक आहे. भरिताची कृती दोनदा केली तर मीठ दुप्पट पडेल. इथे मीठ पुरेसं असेल तर पुन्हा पडत नाही. तीच फाइल दहा वेळा चालवा, मशीन त्याच स्थितीत राहतं. साऱ्या खटाटोपाचा जीव या एका गुणात आहे.

हे कालपरवाचं फॅडही नाही. मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये ऑस्लोत सीएफइंजिन लिहिलं, विद्यापीठातल्या वेगवेगळ्या युनिक्स मशीनची निगा राखता राखता कंटाळून. म्हणजे या विद्येचा जन्म शिक्षणसंस्थेच्या सर्व्हर खोलीतच झाला. पुढे २००५ मध्ये पपेट आलं, २००९ मध्ये शेफ, २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल. अ‍ॅन्सिबल २०१५ मध्ये रेड हॅटने विकत घेतलं, पण ते आजही मुक्त आहे, फुकट आहे.

आणि धुळ्याच्या माणसाने तर याला परकं म्हणूच नये. आमच्या गल्लीत रात्रंदिवस पॉवरलूम खडखडत असायचे. साडीच्या काठाची नक्षी कारागिराच्या डोक्यात नसते, ती डॉबीत किंवा जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या कार्डांत असते. ती कार्डं दुसऱ्या मागावर चढवा, तोच काठ निघतो. जॅकार्डने हे फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास केलं. नक्षी कार्डात ठेवायची अक्कल आमच्या मागवाल्यांना आली, पण त्यांच्या पैशातून शिकून संगणकशास्त्राची पदवी घेतलेल्या पोरांना सर्व्हर कार्डावर उतरवायचा कंटाळा. मागाची सेटिंग मात्र मुकादमाच्या हातात असते, आणि मुकादम भांडून भिवंडीला गेला की चार दिवस माग बंद. आमच्या संस्थांनी मागाकडून नेमकी ही दुसरी गोष्ट तेवढी उचलली.

याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते. साने गुरुजी शेजारी बसून लिहून घेत होते, म्हणून ती प्रवचनं उरली. ज्या गावाला ही गोष्ट पाठ आहे, तिथल्या संस्थांनी ‘पोराला माहीत आहे’ म्हणून स्वस्थ बसावं, हे मला खरंच कळत नाही.

आता कुणी म्हणेल, हाताने केलं तर काय बिघडतं? माणूस हुशार असेल तर चूक होत नाही. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल नावाची कंपनी होती. माणसं हुशारच होती. २०१२ च्या जुलैत त्यांनी नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर चढवलं, हाताने. सात ठिकाणी चढलं, आठवा राहून गेला, आणि तो राहिल्याचं तपासायला दुसरं कुणी नव्हतं. १ ऑगस्टला बाजार उघडला. त्या एका मशीनवरचा जुना, वर्षानुवर्षं न वापरलेला भाग जागा झाला आणि पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. पुढे ती कंपनी स्वतंत्र राहिली नाही. आमच्या पतसंस्थेचे इतके बुडणार नाहीत हे मान्य. आमच्याकडे इतके नाहीतच.

दुसरं उदाहरण जवळचं. आपल्याकडच्या कित्येक संस्थांचे सर्व्हर सेंटओएसवर होते, कारण फुकट आणि भरवशाचं. ८ डिसेंबर २०२० ला रेड हॅटने जाहीर केलं की सेंटओएस ८ वर्षभरात बंद, ३१ डिसेंबर २०२१ शेवटची तारीख. सेंटओएस ७ चाही आधार ३० जून २०२४ ला संपला. ज्यांचं मशीन फाइलीत लिहिलेलं होतं त्यांनी अल्मा किंवा रॉकी लिनक्स टाकलं, फाइल चालवली, दोन-चार ठिकाणी अडलं ते दुरुस्त केलं आणि झोपले. ज्यांचं नव्हतं ते अजून जुन्यावरच आहेत, सुरक्षेचे अपडेट न मिळणाऱ्या मशीनवर, विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक ठेवून. हात लावला तर बंद पडेल, ही भीती.

नव्या मशीनवर हे बसवायला अवघड आहे का? थोडं आहे, आणि जिथे आहे तिथे लपवणार नाही. पहिलं पाऊल हातानेच टाकावं लागतं: ऑपरेटिंग सिस्टीम, एक वापरकर्ता, एसएसएचची चावी. अ‍ॅन्सिबलला नव्या मशीनवर फक्त एसएसएच आणि पायथन लागतं, वेगळा एजंट बसवावा लागत नाही. हुकूम देणारं मशीन मात्र लिनक्स किंवा युनिक्सच्या जातीतलं हवं. लॅपटॉपवर विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमधून चालतं. पपेटमध्ये सहसा प्रत्येक मशीनवर एजंट आणि मध्ये एक मुख्य सर्व्हर असतो, आणि एजंट मुळात दर अर्ध्या तासाने विचारपूस करतो. तिथे ओळख प्रमाणपत्रावर चालते, आणि इथे आमच्याकडचा खास घोळ होतो. पडून राहिलेल्या जुन्या मशीनची बोर्डावरची बॅटरी मेलेली असते, वीज गेली की घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि मग मुख्य सर्व्हरचं प्रमाणपत्र त्या मशीनला अजून लागूच झालेलं नसतं. माणूस दिवसभर पपेटला शिव्या घालतो. आधी तारीख बघा. दोन-चार मशीन आणि रडतखडत चालणारं इंटरनेट असेल तर माझं मत अ‍ॅन्सिबलकडे आहे, आणि पॅकेजं पुन्हा पुन्हा उतरू नयेत म्हणून एका जुन्या डेस्कटॉपवर त्यांचा साठा ठेवावा.

आक्षेपांपैकी एक मी मानतो. हाताने केलेली चूक एका मशीनवर होते, फाइलीतली चूक सगळ्यांवर एकदम. म्हणून आधी तपासणीच्या मोडमध्ये चालवायचं, काय बदलेल ते वाचायचं, मग खरं चालवायचं. आणि फाइल गिटमध्ये ठेवायची, म्हणजे कालची परत आणता येते. पासवर्ड मात्र उघडे लिहायचे नाहीत. अ‍ॅन्सिबलच्या व्हॉल्टमध्ये कुलूपबंद ठेवायचे आणि व्हॉल्टची चावी पाकिटात सील करून संस्थेच्या तिजोरीत ठेवायची, पोराच्या मोबाइलमध्ये नाही.

राहिला ठेकेदार. त्याला हे नकोच आहे, आणि ते मी समजू शकतो. मशीन कसं लावलंय हे फक्त त्याला माहीत असेल तर दरवर्षीचा देखभाल करार त्याचाच. पण संस्थेच्या पैशाने लावलेल्या मशीनची रचना संस्थेची का नाही? इमारत बांधली तर नकाशा मागता. विहीर खोदली तर किती फुटांवर पाणी लागलं ते लिहून ठेवता. मग सर्व्हरच्या करारात एक ओळ टाका: रचनेच्या सर्व फाइली संस्थेला मिळतील, आणि संस्थेच्या माणसाने कोऱ्या मशीनवर त्या चालवून दाखवल्यावरच शेवटचा हप्ता. मी हे एका बैठकीत मांडलं तेव्हा ठेकेदार हसला. विश्वस्तांपैकी एक चाचा, जन्मभर केळीचा व्यापार केलेले, हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “म्हणजे हा उद्या मेला तर आमचं काय?” ठेकेदाराला उत्तर देता आलं नाही.

त्या अकरा दिवसांनंतर मी त्या संस्थेत आणखी चार दिवस राहिलो आणि जे जे आठवून, शोधून, चुकून सापडलं होतं ते अ‍ॅन्सिबलच्या फाइलींत लिहिलं. साडेतीनशेच्या आसपास ओळी झाल्या, कॅरेक्टर सेटची ओळ धरून. आता तिथे प्रयोगशाळा सहायक म्हणून भुसावळची एक मुलगी आहे. तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत एका कोऱ्या मशीनवर ते चालवलं आणि मला स्क्रीनचा फोटो पाठवला. चाळीस मिनिटं लागली होती. दुसऱ्यांदा चालवल्यावर बदल शून्य. खाली तिने लिहिलं होतं, “सर, प्रिंटरचं नाव चुकीचं होतं, मी दुरुस्त करून गिटमध्ये टाकलंय.”