जोत्याखालचा ढाळ

वास्तुशांतीच्या पंगती उठल्या आणि संध्याकाळी बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर यायला लागलं. घर कोरं करकरीत. पाहुण्यांनी फरशीचं, ओट्याचं, खिडक्यांचं तोंडभर कौतुक केलेलं. दुसऱ्या दिवशी आलेल्या प्लंबरकाकांनी यातल्या कशाकडेही पाहिलं नाही. त्यांनी थेट मागच्या अंगणातलं चेंबर उघडलं.

चेंबर कोरडं होतं. ते भरलेलं असतं तर दोष पुढच्या लाइनीत, म्हणजे रस्त्याकडे. आत पाणी तुंबलेलं आणि बाहेर ठणठणाट, याचा अर्थ अडथळा मधे, जोत्याखाली. सळई घातली तर ती ठराविक अंतरावर जाऊन खणकन थांबे. शेजाऱ्यांनी अ‍ॅसिड सुचवलं. काका म्हणाले, "ते तिथंच साचून राहील आणि सळई घालताना माझ्याच अंगावर उडेल."

मग कॅमेरा आत सोडला. पडद्यावर दिसला तो घट्ट झालेला सिमेंटचा राळ आणि त्यात रुतलेले फरशीचे तुकडे. फरशी बसवणारे संध्याकाळी घमेली, थाप्या धुतात त्या नहाणीतच. पाइपचं तोंड बोळा घालून बंद केलेलं नसेल, तर हे सगळं आत जाऊन गोठतं. पुढे आणखी एक दुखणं होतं. जोत्यातल्या मुरमाची भराई थराथरानं पाणी मारून, धुमसून झाली नव्हती. ती खचली आणि तिच्याबरोबर पाइपालाही पोक आला. जेटिंगच्या पाण्यानं चिकट मळ निघतो. गोठलेलं सिमेंट सहसा निघत नाही आणि पोक तर मुळीच नाही.

पर्याय दोन उरतात. फरशी फोडून तीच लाइन नव्यानं टाकायची किंवा जुनी कायमची बंद करून भिंतीबाहेरून दुसरी न्यायची. जागा असेल तर दुसरा बरा, कारण पुढची दुरुस्ती उघड्यावर होते. चार इंची पाइपाला साधारण चाळीसास एक ढाळ लागतो, म्हणजे मीटरमागे अडीच सेंटिमीटर. पारदर्शक नळीत पाणी भरून तो कुणालाही तपासता येतो. वळणावर झाकणाचं तोंड हवं. बुजवण्याआधी खालचं टोक बंद करून पाइप पाण्यानं भरावा आणि पातळी उतरते का ते बघावं.

बिल्डरचं ठरलेलं उत्तर असतं: "तुम्हीच काहीतरी टाकलं असेल." म्हणून फोडण्याआधी कॅमेऱ्याचं चित्रण आणि लेखी तक्रार हवी. कुणाच्या स्वयंपाकघरातून सिमेंट वाहत नाही! रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निदर्शनास आणला, तर तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करणं विकासकावर बंधनकारक आहे.

घराच्या बाकी बऱ्याच गोष्टी नंतर तपासता येतात. जोत्याखालची लाइन मात्र भराई होण्याआधीच सहज बघता येते. तेव्हा घर बांधून होत असताना तिचे फोटो मागा, नकाशा मागा. ताबा घेताना सगळे नळ सोडा, बादल्या ओता आणि स्वतः चेंबरपाशी जाऊन उभे राहा. बिल्डरचा माणूस हसेल. हसू द्या.