‘क्रेसेंडो’ला पोहोचता येत नाही

नाटकाचा तिसरा अंक ‘क्रेसेंडोला पोहोचतो’, कादंबरीतील संघर्ष ‘क्रेसेंडो गाठतो’, दीर्घकवितेचा शेवट हाच तिचा ‘क्रेसेंडो’ ठरतो. इंग्रजी परीक्षणलेखनातून मराठीत उतरलेली ही भाषा समीक्षकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही विसंगत असल्याची जाणीवही उरलेली नाही. क्रेसेंडो हे ‘वाढणे’ या अर्थाच्या इटालियन क्रियापदाचे कृदन्त रूप. त्याचा अर्थ ‘वाढत वाढत’. संगीतलिपीत तो वादकाला दिलेला आदेश असतो : येथून नाद क्रमाक्रमाने मोठा करीत जा. नाद जेथे अत्यंत मोठा हवा त्या जागेसाठी ‘फोर्तिस्सिमो’ ही स्वतंत्र संज्ञा आहे. तेव्हा क्रेसेंडोला ‘पोहोचणारा’ समीक्षक चढणीलाच शिखर समजत असतो.

यावर ठरावीक उत्तर असे की, शब्दाचा अर्थ रूढी ठरवते. फिट्झजेराल्डने ‘द ग्रेट गॅट्सबी’त (१९२५) हा शब्द परमोच्च बिंदू याच अर्थी योजला आहे आणि इंग्रजी कोशांनीही तो अर्थ नोंदवला आहे. हे मान्यच करावयास हवे. केवळ व्युत्पत्तीचा दंडा उगारून रूढीला हाकलता येत नाही. ‘क्लायमॅक्स’चा मूळ ग्रीक अर्थ ‘शिडी’. प्राचीन वक्तृत्वशास्त्रात तो पायरीपायरीने चढत जाणाऱ्या रचनेचा वाचक होता, आपल्याकडील ‘सार’ अलंकाराच्या बराच जवळचा. पुढे शिडीचे नाव तिच्या शेवटच्या पायरीला चिकटले, आणि आज त्याबद्दल कोणी गळा काढत नाही. परंतु या उदाहरणातून रूढिवाद्यांना सोयीचा निष्कर्ष निघत नाही. एक शब्द बिंदूने गिळला. आता दुसराही गिळला जात आहे. उत्कर्षबिंदू, परमोत्कर्ष, परिसीमा, कळस असे शब्द बिंदूच्या सेवेला हात जोडून उभे असताना, वाढीची प्रक्रिया दाखवणारी संज्ञाही त्याच रांगेत नेऊन उभी करण्यात भाषेची कोणती समृद्धी साधते?

प्रश्न निव्वळ शब्दाचा नाही. ज्या समीक्षेला प्रक्रियेसाठी संज्ञा नको असते तिला बहुधा प्रक्रियाच दिसत नसते. राव्हेलची ‘बोलेरो’ (१९२८) ही रचना सुमारे पाव तास चालते. तिची गती बदलत नाही, छोट्या ढोलाचा ठेका बदलत नाही, सुरावटी त्याच त्या परत येतात. वाढतात ती वाद्ये, आणि वाढत जातो तो नाद. ही रचना क्रेसेंडोला ‘पोहोचते’ असे म्हणणे निरर्थक आहे, कारण ती पहिल्या ठेक्यापासून क्रेसेंडोतच असते. बेथोव्हन तर क्रेसेंडो चढवत नेतो आणि जेथे गर्जना अपेक्षित तेथे अकस्मात ‘पियानो’, म्हणजे मंद, असा संकेत लिहितो. ही त्याची प्रसिद्ध लकबच आहे. शिखराविना संपणारी ही वाढ, क्रेसेंडो म्हणजेच शिखर मानणाऱ्याच्या कानी पडणार कशी?

संगीतातील संज्ञा साहित्यसमीक्षेने घेऊच नयेत, असा सोवळेपणा येथे अभिप्रेत नाही. मर्ढेकरांनी ‘लय’ घेतली. पण घेताना संवाद, विरोध आणि समतोल अशी तिची तत्त्वे मांडली, आणि म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणे शक्य झाले. क्रेसेंडोची उसनवारी केवळ भारदस्तपणासाठी झालेली असल्याने तिच्याशी वादही घालता येत नाही. ख्यालगायनातील ‘बढत’ हा काही तिचा नेमका पर्याय नव्हे. तेथे विस्तारतो तो स्वर आणि वाढते ती लय, नादाचा मोठेपणा गौण असतो. तरीही बढत ही प्रक्रिया आहे एवढे कोणताही जाणता श्रोता विसरत नाही. गायकाने ‘बढत गाठली’ असे मैफलीत कोणी म्हणाल्याचे ऐकिवात नाही.

या विस्मरणाची किंमत कलाकृतीला मोजावी लागते. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातील बेणारेच्या अखेरच्या दीर्घ स्वगताला क्रेसेंडो म्हणण्याचा मोह सहज होतो. असे म्हटले की बाकीचे नाटक त्या स्वगताची प्रस्तावना होऊन बसते. वस्तुतः वाढ घडते ती आधी. वेळ घालवण्यासाठी मांडलेला अभिरूप खटला, लुटूपुटूचा आरोप, मग साक्षीदारागणिक तीच थट्टा अधिक खोल जाऊ लागते. सामंत तर हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष देतो आणि ती कल्पित साक्षच वर्मी बसते. रोसिनीच्या ‘द बार्बर ऑफ सेव्हिल’मध्ये (१८१६) बदनामीवरचे एक गीत आहे. ते कुजबुजीइतक्या हलक्या नादात सुरू होते आणि वाद्यवृंदाच्या क्रेसेंडोवर स्वार होत तोफेच्या आवाजापर्यंत जाते. तेंडुलकरांचा खटला त्याच जातीचा आहे. खेळ नेमक्या कोणत्या वाक्याला खेळ राहत नाही, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. तेथेच प्रेक्षकाचा सहभाग उघडा पडतो, कारण तोही मघापर्यंत हसत असतो. आणि या वाढीच्या टोकाशी गर्जना नाहीच. काशीकर आरोपीला दहा सेकंद देतात, सगळे जागच्या जागी थिजतात, बेणारे बोलते आणि तिचे बोलणे रंगमंचावरच्या एकाच्याही कानी जात नाही. दहा सेकंद संपतात. कोर्ट निकाल वाचून दाखवते, जणू मध्यंतरी कोणी काही बोललेच नव्हते.