वातरक्त, गुळवेल आणि रोजची गोळी



आमच्या रेणापुरात कुणाचाही सांधा दुखला की एकच शब्द ऐकू येतो, वात. गुडघा झिजलेला असो, आमवात असो की युरिक ॲसिड वाढलेलं असो, सगळ्याला वातच म्हणायचं. मग सल्ले सुरू होतात. कुणी गुळवेल उकळून प्यायला सांगतं, कुणी पुड्या आणून देतं, कुणी डाळच बंद करायला लावतं. आमच्या मामंजींना युरिक ॲसिडचा त्रास असल्यामुळे हे सगळे सल्ले आमच्या उंबरठ्यावर येऊन गेलेत. गोळी की काढा, या वादात माझं मत पक्कं झालंय. दशलक्षण पर्वाच्या आधी ते लिहिते, कारण खरा प्रश्न तेव्हाच उभा राहतो.

रक्तात युरिक ॲसिड फार वाढलं की त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात साचतात. बहुतेकदा पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात होते आणि पांघरूण लागलेलंही सहन होत नाही. आयुर्वेदाला हे नवीन नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्तावर स्वतंत्र अध्याय आहे आणि 'आढ्यवात', म्हणजे श्रीमंतांचा वात, असंही त्याचं एक नाव आहे. त्यामुळे वैद्यांकडे जाणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. पण 'देशी औषध निर्धोक असतं आणि ते अहिंसकच असतं' या दोन्ही समजुती मला पटत नाहीत.

आधी निर्धोकपणाचं बघू. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही. वाद असला तरी ज्याचं यकृत आधीच नाजूक आहे त्याने मनानेच रोज पेलाभर काढा पिऊ नये, एवढं तर आपण समजू शकतो. नाव-गाव नसलेल्या पुड्या मात्र घरात आणूच नयेत. अशा भुकट्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. दोन दिवसांत दुखणं थांबतं आणि पुढे तोंड सुजतं, साखर वाढते. कळलावी तर तुम्हाला माहीतच असेल. तिच्यात असतं तेच कोल्चिसिन डॉक्टर अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत देतात. तिचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. औषध झाडपाल्याचं आहे की कारखान्यातलं, यापेक्षा त्याचं माप कुणी ठरवलं हे महत्त्वाचं.

आता अहिंसेचं. कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं म्हणून आपण ती टाळतो, ते बरोबरच आहे. पण अवलेहात मध असतो, शंखभस्म आणि मोतीभस्म जिवांच्या शरीरापासूनच येतात, हे आपण विचारतो का? युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉल ही साधी गोळी असते, कॅप्सूल नव्हे.

ही गोळी 1966 पासून वापरात आहे. ती ज्यांच्या संशोधनातून आली त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 साली नोबेल मिळालं. शरीरात युरिक ॲसिड तयार होणंच ती कमी करते. बहुतेकदा 100 मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि ॲसिड 6 च्या खाली येईपर्यंत डॉक्टर मात्रा वाढवतात. सुरुवातीच्या काही महिन्यांत सांधा पुन्हा भडकू शकतो. नेमकं तेव्हाच लोक 'गरम पडली' म्हणून गोळी सोडतात. अंगावर पुरळ आलं तर मात्र ती लगेच थांबवून डॉक्टरांना गाठायचं, यात हयगय नको. खरी भीती बाळगायची ती दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची. त्या मूत्रपिंडावर घाला घालतात आणि युरिक ॲसिड तिथल्या तिथेच राहतं.

लातूरच्या तुरीच्या डाळीवर वाढलेल्या आपल्याला 'वरण बंद' ही शिक्षाच वाटते, आणि तिची गरजही नाही. अमेरिकेत सत्तेचाळीस हजार पुरुषांवर बारा वर्षं लक्ष ठेवून 2004 साली निष्कर्ष छापले गेले. मांस-मासे खाणाऱ्यांत हा आजार वाढला, दूधदुभतं घेणाऱ्यांत कमी झाला, डाळी-भाज्यांनी मात्र धोका वाढला नाही. आपल्या ताटात मांस-मासे नाहीतच. त्यातून वरणही काढलं तर म्हाताऱ्या माणसाच्या अंगात ताकद कुठून येणार? त्याऐवजी कोल्ड्रिंक आणि साखरेची सरबतं बंद करा, ताक वाढवा.

आता उपवास. पोटात अन्न नसलं की शरीर चरबी जाळतं आणि त्यातून तयार होणारी द्रव्यं युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर पडू देत नाहीत. त्यात पाणीही बंद. मामंजींचा अंगठा गेली दोन वर्षं पर्वाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सुजला. दोन्ही वेळा देवदर्शन अंथरुणावरूनच झालं. यंदाही त्यांना दहा उपवास करायचे आहेत आणि गोळी व्रतात बसत नाही असं त्यांचं म्हणणं आहे.

माझं म्हणणं मी त्यांना सांगितलं आहे. सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' आहे, म्हणजे शक्तीप्रमाणे तप. अनशन हे बाह्य तपाच्या सहा प्रकारांपैकी एकच आहे. भुकेपेक्षा कमी जेवणं हे अवमौदर्य, तूप-गूळ-मीठ सोडणं हा रसपरित्याग, हीही तपंच आहेत. एकाशन केलं तर दिवसाउजेडी जेवणानंतर रोजची एक गोळी आणि भरपूर पाणी, दोन्ही जमतं. रात्रिभोजनत्यागालाही धक्का लागत नाही. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. महाराजांना विचारून ठरवू म्हणाले आहेत, आणि ते मला मान्य आहे.

तुमच्या घरी असा कुणी असेल तर पर्वाच्या आधीच युरिक ॲसिड आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. रजोनिवृत्तीनंतर हा त्रास आपल्या बायकांनाही गाठतो, तेव्हा स्वतःलाही विसरू नका. काढा घ्यायचाच असेल तर शिकलेल्या वैद्यांना विचारून आणि डॉक्टरांना सांगून घ्या. पण त्याच्या भरवशावर गोळी थांबवू नका. आपल्या चार दानांत औषधदान आहे. घरातल्या माणसाच्या हातावर वेळेवर ठेवलेली गोळी मी त्यातच धरते.