पंचहौदचा चहा आणि आमची एक भाकर

पंचहौद मिशनच्या चहाची गोष्ट पुणेकरांना नव्याने सांगायला नको. १८९० साली गुरुवार पेठेत मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे ठेवली. टिळक, रानडे हजर. नंतर नावं पेपरात छापून आली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी प्रायश्चित्तही घेतलं. आपण हे सगळं हसत सांगतो. मी ख्रिस्ती, त्यामुळे जरा जास्तच हसायचो. हल्ली कमी हसतो.

कारण आमचा सगळा धर्मच एका जेवणावर उभा आहे. येशूने मरणाच्या आदल्या रात्री भाकर मोडून शिष्यांना दिली. कॅथलिक माणूस दर रविवारी मिस्सेत त्याच पंगतीला बसतो. आमच्या श्रद्धेप्रमाणे ती भाकर नुसती आठवण नाही, ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर. फादर हातावर ठेवतात, आपण ‘आमेन’ म्हणतो. रांगेत पुढे कलेक्टर असो की सफाई कामगार, भाकर तीच.

आणि मग चर्चच्या पायऱ्या उतरलो की?

इंग्रजी मिस्सावाले इंग्रजीवाल्यांशी, तमिळवाले तमिळवाल्यांशी, नगरकडून आलेले आम्ही मराठीवाले कोपऱ्यात. भाषेचं मी समजू शकतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, आपल्या भाषेत प्रार्थना मिळाली हे मोठंच काम झालं. पण लग्न जमवताना ‘मूळचे कोण तुम्ही?’ हा प्रश्न कुठल्या भाषेतला? तो मला विचारला गेलाय, मिस्सा संपल्यावर अर्ध्या तासात, ओठांवर प्रसाद असताना. हा माझा एकट्याचा अनुभव म्हणून सोडून द्यावा असंही नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ च्या दलित धोरणात चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे स्वतःच मान्य केलंय.

संत पौलाने करिंथच्या मंडळीला याच गोष्टीवरून झापलं होतं. श्रीमंत आधी जेवून घ्यायचे, गरीब उपाशी राहायचे. तुम्ही जे खाता ते प्रभुभोजन नव्हेच, असं त्याने स्पष्ट लिहिलं. भाकर बरोबर, वेदी बरोबर, पण पंगत खोटी.

काही जण म्हणतील, मिस्सा म्हणजे उपासना, त्यात समाजकारण कशाला? अहो, जेवणात कोण बसलंय हे बघायचं नाही तर मग जेवण कशाला, नुसतं भजन चाललं असतं!

(पंचहौदवाले अँग्लिकन होते, त्यांनाही आमच्या वेदीवर प्रसाद मिळाला नसता. तो वेगळा वाद, पुन्हा कधीतरी.)

यंदा ख्रिस्तशरीराच्या सणाला सगळ्या भाषांची एकच मिस्सा आणि नंतर चर्चच्या अंगणात घरून आणलेल्या डब्यांची पंगत, असं मी पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत मांडणार आहे. डबा कुणाच्या घरचा, हे विचारायचं नाही. कोण कोण येतंय, खाली लिहा.